अंगावरून वारं गेलं तेव्हा : सीमाभागातल्या घरांचे अनुभव

आपल्याकडे 'पक्षाघात' हा शब्द दवाखान्याच्या फाइलीत असतो. घरात, गल्लीत सगळे म्हणतात, 'अंगावरनं वारं गेलं', नाहीतर 'लकवा मारला'. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या भागात ज्यांच्या घरातल्या वयस्क माणसाला असं झालं, त्यांनी आपला अनुभव इथं लिहावा. कळलं कसं, वेळ कुठं गेला, घरी आणल्यावर काय निभावलं, काय नाही. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं नकोत. सुरुवात मी करतो.

वडगाव, बेळगाव (मुलगा)

आप्पांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. वय ७१. रोज पहाटे उठणारा माणूस. त्या दिवशी साडेपाचला आईनं चहा पुढं केला आणि कप उजव्या हातातनं सुटला. दुसऱ्यांदा धरला, पुन्हा सुटला. "हात अंगाखाली आला असेल," म्हणून आई तेल चोळत बसली. मी सातला उठलो. तोंड डावीकडं ओढल्यासारखं दिसत होतं, शब्द जड येत होते. तरी आम्ही साखर तपासली, शेजारच्यांना बोलावलं, नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना नऊला उघडतो म्हणून थांबलो. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेदहा वाजले.

तिथं पहिला प्रश्न आला, "यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?" मी म्हणालो, साडेपाचला. डॉक्टर म्हणाले, "साडेपाचला तर कप सुटला. त्याच्या आधी?" त्याच्या आधी रात्री दहा, झोपायच्या वेळी. मग वेळ रात्री दहापासून धरायची. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं. झोपेतून उठल्यावर कळलं तर काही जणांना एमआरआय बघून तरीही देता येतं, पण तेसुद्धा कळल्यापासून साडेचार तासांच्या आत. आम्ही कळल्यानंतरच पाच तास घालवले होते. दवाखाना आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

आप्पा आज काठी घेऊन चालतात. उजवा हात मांडीवर पडून असतो. आई अजून मधूनच म्हणते, "मी तेल चोळत बसलो." तिला मी काय सांगणार? माहीत मलाही नव्हतं. हा धागा त्यासाठीच काढला.

खानापूर तालुका, जांबोटीच्या वरचं गाव (सून)

जुलै महिना, रोप लावणीचे दिवस, तीन दिवस वीज नाही. सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी पाणी घेऊन आत आले तर उजवा हात चाललाय, डावा परातीच्या कडेला नुसता पडलाय. भाकरी एका बाजूनं पातळ, एका बाजूनं जाड गोळा. मी म्हटलं, "आई, डावा हात?" तर म्हणाल्या, "काय झालंय त्याला? चालतोय न्हवं." हात हलत नव्हता आणि त्यांना ते कळतच नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की असं होतं, माणसाला आपलीच डावी बाजू ध्यानात राहत नाही. म्हणून "मला काही झालं नाही" या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

आमच्या आशाताईंनी एकदा तीन गोष्टी सांगितल्या होत्या : हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. मी तसं केलं. डावा हात वर आला नाही. घड्याळात सात चाळीस झाले होते, ते बॉलपेननं माझ्या तळहातावर लिहिलं, कारण अशा वेळी डोक्यात काही राहत नाही. रेंजसाठी दीर शाळेच्या टेकाडावर पळाला, १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत थांबलो नाही. शेजाऱ्यांच्या जीपमधून निघालो आणि गाडी वाटेत भेटली.

बेळगावात आधी सीटी स्कॅन केला. वारं गुठळीनं गेलंय की रक्तस्रावानं, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही आणि दोन्हींचा इलाज उलटा असतो. गुठळी निघाली. सव्वादहाला इंजेक्शन सुरू झालं. तळहातावरचं सात चाळीस बघून डॉक्टरांनी तसंच कागदावर उतरवून घेतलं.

सासूबाई आता तुळशीपर्यंत स्वतः जातात. डाव्या हाताला अजून ऊन-गार कळत नाही. एकदा तव्याला हात लागून चांगलाच भाजला आणि मला वास आल्यावर समजलं. तेव्हापासून चुलीकडं एकट्या जाऊ देत नाही, त्यावरून आमचं रोज एकदा वाजतं.

निपाणी (मुलगी)

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, समोर तंबाखूची भुकटी, आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी. शिबिरात बीपी १८० निघालं. महिनाभर गोळ्या घेतल्या, मग बंद. "डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मग गोळी कशाला?" बीपीचं तेच तर आहे, दुखत काहीच नाही. आम्हीही आग्रह धरला नाही.

एका दुपारी तिची जीभ वळेना. दहा मिनिटं नुसतं 'आ आ'. मग आपोआप सगळं नीट झालं. आई उठली, चहा प्याली, विड्या वळायला बसली. आम्ही म्हटलं, उन्हानं झालं असेल. तिसऱ्या दिवशी पहाटे ती खाटेवरनं खाली पडलेली सापडली.

कोल्हापूर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ, म्हणून तिकडं नेलं. तिथं समजलं की ती दहा मिनिटं म्हणजे छोटा झटकाच होता. गुठळी अडकली आणि आपली आपण सुटली. अशा झटक्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात धोक्याचे. त्याच दिवशी गेलो असतो तर रक्त पातळ करायची गोळी तेव्हाच सुरू झाली असती. 'बरं झालं, गेलं' असं आम्हाला वाटलं आणि तिथंच चुकलो. ज्यांना हे अजून माहीत नाही त्यांच्यासाठी ठळक लिहिते : आपोआप बरं झालं तरी जायचं, आणि त्याच दिवशी जायचं.

आई अंथरुणावर दोन वर्षं होती. आता नाही. मशेरीचा तो पितळी डबा मी ठेवलाय. माझ्या बीपीच्या गोळ्या त्यात असतात.

संकेश्वर (पुतण्या)

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. काकांचं तोंड वाकडं झालं तेव्हा मी कुठंतरी वाचलेलं आठवून त्यांना ॲस्पिरिन दिली. हृदयविकारात देतात, तशीच. स्कॅनमध्ये रक्तस्राव निघाला. तिसऱ्या दिवशी काका गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव मुळातच मोठा होता, गोळीनं फार फरक पडला नसेल. पण स्कॅनच्या आधी गोळी नको, बीपी उतरवायचं औषधही घरी नको, तोंडात काहीच नको, एवढं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी ते इथं तिसऱ्यांदा सांगतो.

चिकोडी (मुलगा)

वरच्या 'तोंडात काहीच नको'ला धरून लिहितो. माझ्या वडिलांना झटका सौम्य होता. हात-पाय चार दिवसांत बऱ्यापैकी आले. त्यांना आडवं पाडलं ते नारळपाण्यानं. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी मायेनं, झोपल्या जागी, चमच्यानं पाजलं. त्यांना गिळता येत नव्हतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठसका लागला, लागला आणि थांबला. दोन दिवसांनी ताप, छातीत घरघर. पाणी फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया झाला होता. मग नाकातली नळी आणि दवाखान्यात आणखी अकरा दिवस.

नंतर सिस्टरनी शिकवलं. पूर्ण ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडं. छोटा चमचा, एक घोट गिळल्याशिवाय दुसरा नाही. 'आ' म्हणायला लावायचं, आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला की थांबायचं. पातळ पाणी सगळ्यात अवघड, घट्ट पेज सोपी. आम्ही नाचणीची आंबील ताक न घालता दाट करायचो. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. महिन्यानं नळी निघाली.

बेळगाव तालुका (फिजिओथेरपी करते)

माझ्या घरचा अनुभव नाही, इतरांच्या घरी जाते तिथला आहे. माणसाला उठवताना लुळ्या हाताला किंवा बगलेत धरून ओढू नका. खांद्याचा सांधा तेवढ्यानं निखळतो आणि मग दुखण्यामुळं तो माणूस व्यायामच करू देत नाही. बसल्यावर त्या हाताखाली उशी ठेवा. अंथरुणावर असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा. लकव्यावर उपाय म्हणून कबुतराचं रक्त चोळण्यात आठवडा घालवलेली घरं मी पाहिलीत. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते, ते दिवस असे हातचे घालवू नका. त्यानंतरही सुधारणा होते, फक्त सावकाश.

बेळगाव (नात)

माझ्या आजीचं माहेर बैलहोंगलचं, पक्कं कन्नड. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मराठी घरात आली. मला ती कधी कन्नड बोललेली आठवत नाही, बाजारात दोन-चार शब्द सोडले तर. नातवंडांना रागवायची तेसुद्धा मराठीत.

झटका डाव्या मेंदूला आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी आईकडं बघून म्हणाली, "नीरु." आई रडायला लागली, म्हणाली भ्रम झालाय. मग "बेडा, बेडा" असं हात झटकत. आम्ही तिला मराठीत विचारत राहिलो, "आजी, काय पाहिजे, दूध पाहिजे?" आणि ती चिडून तोंड फिरवायची. शेवटी वरच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. त्यांनी कन्नडमधून विचारलं तर आजीनं उत्तर दिलं. तुटक, पण बरोबर. तिला पाणी हवं होतं आणि दूध नको होतं.

वाचा उपचार करणाऱ्या ताईंनी समजावलं की दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा सारख्याच परत येतील असं नसतं. कुणाची लहानपणची आधी येते, कुणाची रोजच्या वापरातली. आधी सांगता येत नाही. जी येते ती येऊ द्या, अडवू नका, आणि तिला सगळं कळतंय असं धरून बोला. आईनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मराठी अक्षरांत लिहून भिंतीला लावलं : नीरु पाणी, ऊटा जेवण, साकु पुरे, नोवु दुखतंय, बिसि गरम. भाषेवरून आमच्या भागात काय काय होऊन गेलंय ते मी सांगायला नको. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा सगळेजण ते पाच शब्द पाठ करत होते. बाबासुद्धा.

आणखी एक. साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं तेव्हाही हरिपाठ सुरू केला की ती आमच्याबरोबर ओळीच्या ओळी म्हणायची, मराठीत, न अडखळता. पाठ झालेलं, गाण्यातलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं म्हणे. आम्ही संध्याकाळचा हरिपाठ व्यायाम म्हणून धरला. सहा महिन्यांनी मराठी शब्द यायला लागले. नीरु मात्र नीरुच राहिलं.

टिळकवाडी, बेळगाव (आजीनं सांगितलेलं, नातवानं लिहिलेलं)

आमचे हे मास्तर होते. दोन वर्षं झाली, उजवा हात गेला. मी सगळं करतो. उठवतो, अंघोळ घालतो, गोळ्या देतो. माझं वय ६९, मलाही बीपी हाय. माझी गोळी विसरते, त्यांची विसरत नाही. आता पोरानं दोघांच्या गोळ्या एकाच डबीत घालून दिल्यात.

हाता-पायापरीस त्यांचं मन जास्त खचलं. टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं तरी रडायचे. मी म्हणायचो, पुरुषासारखा पुरुष असून काय हे. डॉक्टर म्हणाले, आजी, त्यांस ओरडू नका, हे झटक्याचंच दुखणं हाय, पुष्कळांस होतंय, याची गोळी असते. गोळी सुरू झाली. दीड महिन्यानं पेपर मागून घेतला.

पेन्शनीसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतोय. गेल्या वर्षी अंगठा लावला. वर्गात पोरांची अक्षरं दुरुस्त करणारा माणूस, घरी आल्यावर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या वहीत डाव्या हातानं गिरवायला बसले. रोज एक पान. मी वही धरून बसतो, नाहीतर घसरती. आता नाव पुरं येतंय, वेलांटी तेवढी उलटी पडती. या नोव्हेंबराच्या आधी बँकेत डाव्या हाताची सही नवीन लावून घ्यायची हाय. कुणी करून घेतली असंल तर कागद काय काय लागले, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतंय काय, तेवढं लिवा.