कूलिंग लावलं की गरम हवा! हीट पंपच्या थर्मोस्टॅटचं वायरिंग चुकलं का?

प्रश्न: डक्टवाल्या हीट पंपला (घर गार आणि गरम दोन्ही करणारं यंत्र) नवा थर्मोस्टॅट लावला. तारा रंग बघून जोडल्या: आर आणि सी (२४ व्होल्ट पुरवठ्याची दोन टोकं), वाय (कंप्रेसर), जी (पंखा) आणि नारिंगी ओ/बीला. आता कूलिंग लावलं की गरम झोत, हीटिंग लावलं की गार. पंखा ठीक. कंप्रेसर घालवला की काय मी?

उत्तर: नाही हो. ओ/बी म्हणजे रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची, म्हणजे हीटिंग-कूलिंगची अदलाबदल करणाऱ्या झडपेची तार. काही यंत्रांत व्हॉल्व्हला कूलिंगमध्ये २४ व्होल्ट लागतात (ओ), काहींत हीटिंगमध्ये (बी). थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये ओ-बी बदला. तारांना हात लावू नका.

उत्तर: आणि रंगांवर विसंबू नका! एअर हँडलरच्या (पंखा असलेलं घरातलं युनिट) बोर्डवर तार कोणत्या अक्षराला आहे ते बघायचं. मी शहाण्याने मेन बंद न करता आर आणि सी एकमेकांना टेकवले. बोर्डवरचा चिमुकला फ्यूज उडाला, आणि दोन दिवस मी थर्मोस्टॅटलाच शिव्या घालत बसलो.

प्रश्नकर्ता: बी केलं, गार हवा आली! बॅकअप हीटरची पांढरी तार मोकळीच आहे, ती कुठे?

उत्तर: बोर्डवर डब्ल्यूला असेल तर थर्मोस्टॅटच्या ऑक्स किंवा डब्ल्यू२ला. आधी मेन बंद.