4 कोटी अंकांची मूळ संख्या: प्रूफ तपासायचं कसं?

काकपद
मी मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, त्याचेच पैसे मिळतात. त्यामुळे छापील काहीही लांबलचक दिसलं की हात शिवशिवतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली ती विक्रमी, म्हणजे तोवर सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या, 2 चा 136279841वा घात वजा 1, तिची पूर्ण अंकांची फाइल उतरवून घेतली. 4,10,24,320 अंक, म्हणजे साधारण 41 एमबी. साध्या एडिटरने उघडताना मान टाकली. शेवटी उघडली तेव्हा सुरुवात 8816943275 आणि अखेर 486871551. मधे नुसता समुद्र.

आता माझी अडचण. कादंबरीत ऱ्हस्वदीर्घ चुकलं की डोळा अडखळतो, वाक्य तुटलं की कळतं. इथे 7 च्या जागी 1 पडला, दोन अंकांची अदलाबदल झाली, एखादी ओळ वरखाली झाली, तर कुणाच्या बापाला कळणार? जपानमध्ये 2018 साली तेव्हाच्या विक्रमी संख्येचं 719 पानी पुस्तक निघालं होतं, पानोपानी फक्त अंक. त्याची प्रुफं कोणी वाचली असतील या विचाराने झोप उडते.

पुन्हा सगळा हिशेब न करता फाइल तपासता येते का? निदान मधला एखादा अंक?

शून्यशेष
दोन्ही टोकं स्वस्तात तपासता येतात, आधी ती उरकू.

शेपूट: 2 च्या घातांचे शेवटचे तीन अंक दर 100 पावलांनी पुन्हा तेच येतात. तुमच्या घातांकाच्या शेवटी 41 आहे, म्हणून 2 चा 41वा घात बघा: 2199023255552. शेवटी 552, वजा 1 म्हणजे 551. तुमच्या फाइलशी जुळलं. असेच शेवटचे हजार अंकही काढता येतात, दर पायरीला फक्त शेवटचे हजार ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे.

डोकं: 2 चा लॉग 0.301029995664 घ्या, 136279841 ने गुणा. 41024319.9453 येतं. पूर्णांकात 1 मिळवला की अंकसंख्या, 4,10,24,320. आणि 10 चा 0.9453वा घात सुमारे 8.817, म्हणून सुरुवात 8817 च्या आसपास. लॉग पाचच स्थळं घेतलात तर फसाल, कारण तेरा कोटींनी गुणल्यावर बारीकशी चूकही फुगते.

मधला अंक मात्र असा फुकट मिळत नाही. डावीकडून या की उजवीकडून, दोन कोटी अंक सांभाळावेच लागतात. त्यापेक्षा सरळ सगळी संख्या काढलेली परवडते.

आता तुमचा खरा प्रश्न. शाळेतली 9 ची युक्ती आठवते? संख्येला 9 ने भागून जी बाकी, तीच अंकांच्या बेरजेची. तुमच्या संख्येची ती 4 यायला हवी. पण 0 चा 9 झाला किंवा दोन अंकांनी जागा बदलल्या तर बेरजेची बाकी तशीच राहते. मुद्रितशोधकाला हे चालणार नाही, कारण अदलाबदल ही माणसाच्या हातून नेहमी होणारी चूक आहे. 11 ने भागलं तर शेजारशेजारची अदलाबदल पकडली जाते, पण सम लांबीच्या दोन ओळी एकमेकींच्या जागी गेल्या तर 11 सुद्धा गप्प.

म्हणून भाजक मोठा घ्या, आणि तो तुमच्या हातातच आहे: 136279841. ही स्वतः मूळ संख्या आहे. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार, घातांक विषम मूळ संख्या असेल तर 2 च्या त्या घाताला त्याच घातांकाने भागून 2 उरतात. वजा 1 केला की बाकी 1. म्हणजे तुमची अख्खी फाइल 136279841 ने भागा, बाकी बरोबर 1 आली पाहिजे.

छोट्यावर करून बघा. 2 चा 13वा घात वजा 1 = 8191, भाजक 13. डावीकडून चाला: 8. मग 81, बाकी 3. मग 39, बाकी 0. मग 1, बाकी 1. बरोबर. आता मधले दोन उलटे करून 8911 घ्या: 8, मग 89 ची बाकी 11, मग 111 ची 7, मग 71 ची 6. पकडली! आणि दोन्हींच्या अंकांची बेरीज 19 च आहे, 9 ची युक्ती इथे डोळे मिटून पास करून गेली असती.

लूपमध्येअडकलो
यासाठी पूर्ण संख्या मेमरीत संख्या म्हणून बांधायची गरजच नाही. फाइल मजकूर म्हणून वाचा, 10-10 अंकांचे गठ्ठे करा (एकूण अंकसंख्येला 10 ने पूर्ण भाग जातो, शेवटी तुकडा उरत नाही), जुनी बाकी गुणिले 10 चा 10वा घात, अधिक गठ्ठा, आणि भागा. ओळी तोडलेल्या असतील तर आधी ते ओळबदल काढून टाका.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आख्खी संख्या मजकुरात बदलायला जाल तर 3.11 आवृत्तीपासून 4300 अंकांवर एरर येते. बग नाही, मुद्दाम घातलेली मर्यादा आहे, सेटिंगने उठवता येते.

विषमज्वर
एक भाबडी तपासणीही करता येते. प्रत्येक अंक सुमारे 41,02,432 वेळा यायला हवा, दोन-चार हजार इकडेतिकडे. एखादा अंक लाखाने कमी भरला तर फाइल गंडलेली समजा. लहान संख्येत मात्र हा निकष लावू नका. फ्रेंच गणिती ल्यूकाने 1876 मध्ये मूळ ठरवलेली 170141183460469231731687303715884105727 बघा: 39 अंक, त्यात 1 आठ वेळा आणि 9 फक्त एकदा. बिचारा 9.

बाकी या अंकांत मूळपणाची खूण शोधू नका. द्विमानात हीच संख्या म्हणजे 13,62,79,841 वेळा 1, बस. संगणकाने ती मूळ आहे हे ठरवलं तेव्हा दशमान अंक कुणाला लागलेच नव्हते, ते नंतर आपल्या हौसेसाठी काढले. आणि कुठलाही अंक अत्यावश्यक नाही: ज्यांच्यात 7 एकदाही येत नाही अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे गणिती जेम्स मेनार्डने सिद्ध केलंय. 7 च्या जागी दुसरा कुठलाही अंक घ्या, तेच.

काकपद
चालवलं. बाकी 1! उगाचच कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं.

पण समजा बाकी 1 आली नसती. चूक आहे एवढं कळून काय उपयोग? मला समासात खूण करायला जागा लागते.

शून्यशेष
चूक एकाच अंकाची असेल तर जागाही निघते. बाकीत किती फरक पडला ते घ्या. तो फरक म्हणजे अंकातला फरक गुणिले 10 चा कुठला तरी घात, त्याची बाकी. शेवटापासून एकेक स्थान मागे जात, 1 ते 9 आणि उणे 1 ते 9 लावून बघा कुठे जुळतं. चार कोटी स्थानं आणि भाजक तेरा कोटींचा, त्यामुळे काही जागा योगायोगानेही जुळतील. मग दुसरा एखादा मोठा मूळ भाजक घ्या, 2 चा 61वा घात वजा 1 चालेल, बरोबर बाकी आधी घातांकावरून काढून ठेवा आणि त्या संशयितांनाच पुन्हा उभं करा. खरी जागा तेवढी टिकेल. दोन अंक चुकले असतील तर मात्र जोड्या लावत बसावं लागेल, त्यापेक्षा नवी प्रत काढून ओळीला ओळ भिडवा.