ॲरिझोनात डिमांड चार्जची वीजयोजना घ्यावी का?

प्रश्न (फीनिक्सवासी):
नमस्कार. फीनिक्सच्या उत्तर भागात आम्ही नुकतेच राहायला आलो असून घराला एपीएस (ॲरिझोना पब्लिक सर्व्हिस) या कंपनीची वीज आहे. केवळ वेळेनुसार दर बदलणारी योजना घ्यावी, की युनिटचा दर कमी पण डिमांड चार्ज (कमाल भारावरची आकारणी) असलेली घ्यावी, हे ठरत नाही. उन्हाळ्यात आईबाबा पुण्याहून येणार आहेत आणि ते दिवसभर घरीच असतील. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली, तसाच हा प्रकार आहे का?

विद्युतसाधक:
नाही, दोन्हींत मूलभूत फरक आहे. ती सवलत वापरलेल्या युनिटांवर मिळते; डिमांड चार्ज मात्र एकाच वेळी किती किलोवॅट भार पडला यावर लागतो. एपीएसच्या अशा योजनेत सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ७ या वेळेतला, महिन्यातला सर्वांत जड एक तास धरला जातो, आणि उरलेले सगळे दिवस कितीही जपून वापर केला तरी त्या तासाची आकारणी टळत नाही. मोजली जाते ती तासाभराची सरासरी. समजा, ४ किलोवॅटचा एसी तासभर अखंड चालला आणि त्यातच ५ किलोवॅटचा कपड्यांचा ड्रायर अर्धा तास लावला, तर मागणी साडेसहा किलोवॅट धरली जाईल. ड्रायर ७ नंतर लावला असता तर ती ४ वरच राहिली असती. त्यामुळे एकूण वीज किती जळते यापेक्षा जड उपकरणे वेगवेगळ्या वेळी चालवणे घरातल्या सर्वांना जमेल का, हे आधी पाहावे.

सौरछत:
छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असेल तर अधिकच काळजी घ्यावी. शेजारच्या एसआरपी (सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट) या वीजसंस्थेने २०१५ मध्ये नव्या सौर ग्राहकांना डिमांड चार्ज लागू केला, तेव्हा बराच वाद झाला होता. संध्याकाळी ऊन उतरते, एसी मात्र चालूच असतो; बॅटरी नसेल तर पॅनेल त्या तासाला फारसे वाचवत नाहीत.

फीनिक्सवासी:
आभारी आहे. ४ वाजण्याआधी घर गार करून ठेवले तर चालेल का?

विद्युतसाधक:
अवश्य चालेल; भिंती आणि छताचे उष्णतारोधन चांगले असेल तर दोन-तीन तास निभावतात. परंतु बाहेर ४५ अंश असताना ज्येष्ठांना उकाड्यात बसवून बिल वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे. आईबाबा असतील ते महिने साध्या वेळनिहाय योजनेत काढावेत. विजेवर चालणारी मोटार असल्यास तिचे चार्जिंग रात्रीच सुरू होईल असे आजच लावून ठेवावे, कारण संध्याकाळी घरी येताच प्लग लावला तर तिचा ७ किलोवॅटचा भार नेमका त्याच तीन तासांत येतो.