मदत हवी आहे : ऑफिसच्या लॅपटॉपवर टाइम झोन आपोआप कसा लावायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटी बघतो. चाळीसेक विंडोज ११ लॅपटॉप आहेत, सगळे इंट्यूनवर (लॅपटॉपची सेटिंग एका जागेवरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा). नवा लॅपटॉप ऑटोपायलटने (पहिल्यांदा चालू करताना आपोआप सेटअप करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) चालू केला की घड्याळ अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर उघडतं. परवा अकाउंट्सच्या ताईंनी लॅपटॉप आणून दाखवला: मोबाइलवर सकाळचे १०:४०, लॅपटॉपवर आदल्या रात्रीचे १०:१०. मिनिटांचा काटा बरोबर अर्ध्या तासाने सरकलेला, म्हणजे घड्याळ चुकलेलं नाही, झोनच चुकलाय. आउटलुकमधल्या त्यांच्या सगळ्या मीटिंगा रात्रीत जाऊन बसल्या होत्या.

इंट्यूनच्या पॉलिसीतून (सगळ्या लॅपटॉपना एकदम लागणारं सेटिंग) थेट 'इंडिया स्टँडर्ड टाइम' लावला तर इथल्यांचं भागतं. पण आमची सेल्सची चार माणसं सतत दुबईला असतात, तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यांना आपोआप बदलणाराच झोन हवा.

म्हणून स्क्रिप्टने टाइम झोन आपोआप बदलणाऱ्या विंडोजच्या 'टीझेडऑटोअपडेट' सर्व्हिसची स्टार्ट व्हॅल्यू ४ (बंद) वरून ३ (गरजेनुसार चालू) केली. काही लॅपटॉपवर चाललं, काहींवर नाही. झोन लोकेशनवरून ओळखला जातो, आणि न चाललेल्यांवर लोकेशनच बंद दिसलं. सुरुवातीची प्रायव्हसीची स्क्रीन आम्ही लपवली आहे, त्यामुळेच ते बंद राहत असावं.

लोकेशन फक्त टाइम झोनसाठी चालू ठेवून बाकी ॲप्सना बंद ठेवता येतं का? आपल्यावर पाळत ठेवतात असं कोणाला वाटायला नको, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणी केलं असेल तर सेटिंगसकट सांगा.