बाबांच्या जुन्या निकॉन लेन्ससाठी कोणता डीएसएलआर घ्यावा?

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी. आजवर मोबाईलवर हौस भागवली, आता पहिला डीएसएलआर घ्यायचा विचार आहे. बाबांचा निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा घरात आहे. त्यावरची ५० एमएम एफ/१.८ निक्कोर लेन्स अजून लख्ख आहे. बाबांचं म्हणणं, लेन्स आहे तर निकॉनच घे. दुकानदार म्हणतो डी५६०० घ्या, थोडे जास्त घालणार असाल तर डी७५००. फोटो काढायचेत ते पावसाळ्याच्या शेवटी कासच्या फुलांचे, हिवाळ्यात भिगवणच्या पक्ष्यांचे, आणि अधूनमधून घरची बारशी-मुंजी. बजेट ४५ हजार, फार तर ५० पर्यंत ताणता येईल. सेकंडहँड चालेल. जाणकारांनी सल्ला द्यावा.

रानवाटा:
कॅनन २००डी बघ. हलका आहे, स्क्रीन हवी तशी वळते, ५० एमएम एसटीएम स्वस्तात मिळते. बाबांची लेन्स राहू दे शोकेसमध्ये.

काळंपांढरं:
शोकेसमध्ये कशाला? धागाच त्या लेन्सचा आहे.

कंदीपेढा, निकॉनचा एफ माउंट (लेन्स जोडायची जागा) १९५९ पासूनचा, त्यामुळे तुमची लेन्स दुकानदाराने सांगितलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांवर बसेल. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. डी५६०० वर ती लावली की मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) बंद. मॅन्युअल मोडवर अंदाजाने फोटो काढायचा, स्क्रीनवर बघायचा, पुन्हा काढायचा. मुंजीत बटू तेवढा वेळ देत नाही.

त्यापेक्षा निकॉनचाच जरा जुना डी७२०० घ्या. त्याचा माउंट समोरून नीट बघा. माउंटभोवती एक फिरणारी कडी असते, तिला बारीकशी खुंटी. लेन्सची अॅपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) रिंग फिरली की तिची कड त्या खुंटीला ढकलते आणि बॉडीला कळतं की तुम्ही ५.६ वर आहात की ८ वर. मेनूत एकदा फोकल लेंथ ५० आणि अॅपर्चर १.८ भरून ठेवलं की मीटर व्यवस्थित चालतो, 'ए' मोडसुद्धा (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो). गंमत म्हणजे २०१७ च्या डी७५०० मध्ये निकॉनने ही खुंटीच काढून टाकली, आणि कार्डाचा दुसरा स्लॉटही. म्हणजे तुमच्यासाठी २०१५ चा डी७२०० हा नव्यापेक्षा सरस. माझं मत विचाराल तर सेकंडहँड डी७२००, डोळे झाकून.

(डोळे उघडून! शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते बघायचं. ताजा काढलेला जेपीईजी घ्या, त्याच्या एक्झिफमध्ये (फाइलमध्ये दडलेल्या माहितीत) आकडा सापडतो. निकॉनने या शटरची चाचणी दीड लाखापर्यंत केलेली आहे. ५०-६० हजारांच्या आत असेल तर निवांत घ्या.)

फोकस मात्र हातानेच करावा लागेल. व्ह्यूफाइंडरमध्ये डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला. आणि क्रॉपमुळे (सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे) ५० ची चौकट ७५ एमएमसारखी दिसेल. बारशात बाळाच्या चेहऱ्याला झकास, पण अख्खं कुटुंब एका खोलीत मावणार नाही. तेव्हा बॉडीबरोबर १८-५५ किंवा १८-१४० मिळत असेल तर सोडू नका.

कंदीपेढा:
काळंपांढरं, फार आभार. एक शंका. खूप जुन्या लेन्सने डिजिटल बॉडी बिघडते असं ऐकलंय, खरं का?

काळंपांढरं:
१९७७ च्या आधीच्या, म्हणजे 'एआय' (बॉडीला अॅपर्चर कळवण्याची निकॉनची सोय) नसलेल्या लेन्सने ती खुंटी मोडू शकते. तुम्हाला भीती नाही. एफएम२ वर मुळात एआय लेन्सच बसतात. तरी खात्री करायची तर अॅपर्चरचे आकडे बघा. मोठ्या आकड्यांखाली माउंटच्या बाजूला बारीक आकड्यांची दुसरी ओळ असली की एआय.

बिनआरसा:
२०२६ मध्ये पहिला कॅमेरा म्हणून डीएसएलआर? निकॉनचा मिररलेस (आत आरसा नसलेला) झेड५० घ्या, एफ माउंटच्या लेन्स त्यावर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावा. जुन्या लेन्सला फोकस पीकिंग मिळतं, जिथे फोकस तिथे कडा रंगीत दिसतात. हिरव्या ठिपक्यापेक्षा शंभर पट सोपं. डीएसएलआरच्या नव्या लेन्सही आता येत नाहीत.

काळंपांढरं:
पीकिंगबद्दल अनुमोदन, कासच्या फुलांना तर फारच उपयोगी. पण झेड५० अधिक अडॅप्टर अधिक पक्ष्यांची लेन्स हे ५० हजारांत बसवून दाखवा. शिवाय कंपनीच्या आकड्यांप्रमाणे डी७२०० ची बॅटरी १,११० फोटो देते आणि झेड५० ची सुमारे ३००. भिगवणला पहाटे होडीत बसल्यावर चार्जर कुठे लावणार? नव्या लेन्स येत नाहीत म्हणूनच तर जुन्या स्वस्त मिळतात हो.

पाणकावळा:
भिगवणसाठी: होडीवाले रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगो) बऱ्यापैकी जवळ नेतात, ३०० एमएमवर काम भागतं. २००-५०० एमएम झूम लेन्सच्या मोहात लगेच पडू नका, ती सव्वादोन किलोच्या पुढे जाते. एखाद्या वीकांताला भाड्याने आणून बघा, खांदाच सांगेल.

कासला ५० एमएम सोनकी-तेरड्याच्या गालिच्यांना पुरेल. सीतेच्या आसवांसारखं चिमुकलं फूल मात्र त्यात ठिपक्याएवढं येईल, कारण ती लेन्स पुरेशी जवळ जात नाही. ५२ एमएमचा क्लोज-अप फिल्टर समोर आटे लावून बसवा, स्वस्तात काम होतं. आणि कुंपणाच्या आत झोपून फोटो काढू नका, प्लीज.

साळुंकीताई:
सगळ्यांनी बॉडीचं सांगितलं, लेन्स कोणी तपासायला लावली नाही! दादा, आधी लेन्स काढून अॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारून समोरून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. मग रिंग १६ वर ठेवून मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून सोडा. पाती झटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर त्यांवर तेल उतरलंय, आधी साफ करून घ्या. आणि पावसाळ्यात लेन्स चामडी केसमध्ये ठेवू नका, ओल धरते. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत साधा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांत राहिलं की झालं.

कंदीपेढा:
ताई, टॉर्च मारला. काच स्वच्छ, पाती पटकन मिटतात, आकड्यांच्या दोन ओळीही आहेत. म्हणजे डी७२०० नक्की. एक बॉडी पुण्यात पाहून ठेवली आहे, शटर काउंट ३८ हजार, सोबत १८-१४० लेन्स. विकणारा खोका हरवलाय म्हणतो, पण मूळ बिल आहे. चालेल ना?

काळंपांढरं:
बिलावरचा सीरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा. जुळला तर खोक्याचं काय करायचंय? एफएम२ वरची लेन्स खिशात घालून जा आणि तिथेच लावून मीटर हलतोय का बघा.