धंदा सुरळीत चालला की मला कंटाळा येतो, मग मीच काहीतरी उकरून काढतो (एडीएचडी) : मदत हवी आहे

मंडळी,

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे आणि ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलता, उतावळेपणा) आहे, त्यांच्याकडून सल्ला हवा आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कोल्हापूरजवळ एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतं, आम्ही सीएनसी-व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर मशिनिंग करून परत पाठवतो. पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरची हाउसिंग, व्हॉल्व्हचे भाग. दोन शिफ्ट चालतात. बँकेचे हप्ते वेळेवर जातात, सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) हुशार आहे, ऑर्डरी आहेत. बाहेरून बघणारा म्हणेल की याचं बरं चाललंय. चाललंयच बरं, आणि माझं घोडं नेमकं तिथंच अडतं.

नवा पार्ट डेव्हलपमेंटला आला की मला तहानभूक लागत नाही. ड्रॉइंग हातात पडल्यापासून फिक्स्चर (मशीनवर पार्ट धरून ठेवणारी चौकट) कसं करायचं, लोकेशन कुठल्या फेसवरून घ्यायचं, क्लॅम्प कुठं मारायचा, एवढंच डोक्यात. मध्ये एका पातळ भिंतीच्या हाउसिंगचा बोअर (आतलं गोल भोक) ओव्हल येत होता. फिक्स्चरवर असताना डायल गेज अगदी बरोबर दाखवायचं, क्लॅम्प सोडला की तीस-पस्तीस मायक्रॉनचा फरक. म्हणजे आम्ही जॉब दाबून धरत होतो, दाबलेल्या अवस्थेत गोल बोअर मारत होतो आणि सोडला की तो आपल्या मूळ आकारावर जात होता. बाजूचे क्लॅम्प काढले, खाली आधार असलेल्या जागी वरून दाब दिला, फिनिश कटच्या आधी क्लॅम्प ढिले करून पुन्हा हलके आवळले. मध्यरात्र उलटल्यावर पहिला पीस ओके आला. असं काम मला रोज द्या, मी सुट्टी मागणार नाही.

पण तोच पार्ट पुढं आठ-दहा महिने रोज तसाच निघतो. तेव्हा माझं काम काय उरतं? संध्याकाळी रिजेक्शन बघायचं, सीआर किती आणि एमआर किती. (बाहेरच्यांसाठी: ब्लो होल वगैरे कास्टिंगचा दोष निघाला तर सीआर, तो फौंड्रीच्या खात्यावर. आमच्या हातून बिघडला तर एमआर, त्याचे पैसे आमच्या बिलातून कापतात.) चलनं जुळवायची. पेमेंटसाठी फोन करायचे आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकायचं. हे करायला बसलो की अंगातून जीव गेल्यासारखं होतं. आळस म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण आळशी माणसाला झोप तरी लागते. मला खुर्चीत बसवत नाही, उठून शॉपवर जातो आणि चालू असलेल्या गोष्टीत बोट घालतो.

चांगल्या चाललेल्या प्रोग्रामचा फीड (टूल पुढं सरकायचा वेग) वाढवून सायकल टाइम कमी करायला जातो आणि रात्रपाळीत इन्सर्ट (टूलची कापणारी टोकं) तुटत राहतात. लेझर मार्किंगचं मशीन असंच एका शांत महिन्यात घेतलं, ते प्लॅस्टिक पांघरून कोपऱ्यात बसलंय. बायको म्हणते, "तुम्हाला धंदा सुरू करायला आवडतो, चालवायला नाही."

जीएसटीचं तर विचारूच नका. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) गेला नाही, तर १४ तारखेला गिऱ्हाइकाच्या २बीमध्ये (त्याला मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटच्या यादीत) आमची बिलं दिसत नाहीत. दिसली नाहीत की परचेसवाले जीएसटीची रक्कम अडकवून ठेवतात. सीए रिटर्न भरतो, पण बिलं जुळवून त्याला मीच पाठवायची असतात. अर्ध्या तासाचं काम, त्यापायी पगाराच्या तोंडावर पैसे अडकलेले.

निदान मुलामुळे झालं. शाळेतून तक्रारी आल्या म्हणून त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी माझ्या लहानपणाबद्दल विचारलं, तर आई म्हणाली, "हा पण अस्साच होता की!" पुढं माझी वेगळी तपासणी झाली. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुरू आहे. फायदा आहे, हातात घेतलेलं काम तडीस जातं. पण कुठलं काम हातात घ्यायचं हे काही गोळी ठरवत नाही. गोळी घेऊन अख्खी सकाळ नव्या मशीनचे कॅटलॉग वाचण्यात घालवलीय, आणि काय एकाग्रतेनं!

डायरी, ॲप, २५ मिनिटांचा टायमर सगळं करून झालंय. नवं असेपर्यंत चालतं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जितकं लक्ष जातं तितकंच. त्यामुळे कृपया ॲप सुचवू नका.

मला विचारायचंय ते हे, की सगळं ठीक चाललेले महिने तुम्ही कसे काढता? ही खुमखुमी चालू धंद्याला धक्का न लावता कुठं जिरवता? आणि कंटाळवाणी कामं दुसऱ्याकडे दिली तर त्यावर लक्ष ठेवणं हेही कंटाळवाणंच, त्याचं काय करता?

कंदीपेढा
राग मानू नका, पण कंटाळा सगळ्यांनाच येतो. आमचे वडील जन्मभर एकाच गल्ल्यावर बसले, त्यांना कुणी विचारलं नाही कंटाळा येतो का म्हणून. सकाळी उठून आधी नावडतं काम उरकायचं, बाकी दिवस मोकळा. शिस्तीला पर्याय नाही.

पुरणयंत्र
कंदीपेढा, माझ्या घरी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मीच दुसऱ्यांना म्हणून दाखवते.

धागाकर्ते, डोंबिवलीत माझा मसाल्यांचा व्यवसाय आहे, निदान चाळिशीत झालं. तुमचं लेझर मशीन म्हणजे माझं व्हॅक्यूम पॅकिंग मशीन. दोन गोष्टी सांगते.

एक, बिलांचं काम मी एकटी करतच नाही. ठरलेल्या वारी रात्री जेवणं झाली की बहीण आणि मी व्हिडिओ कॉल लावतो. ती शिक्षिका आहे, ती पेपर तपासते, मी बिलं भरते. आवाज बंद, गप्पा नाहीत. कुणीतरी समोर बसलंय एवढ्यानं हात चालतो. का चालतो ते मला विचारू नका. कॉल नसला की ते काम होत नाही, हे मात्र नक्की.

दुसरं म्हणजे, खुमखुमीचं खातं वेगळं. बँकेत खरंच वेगळं खातं उघडलंय, त्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते. नवं मशीन, नवं पाकीट, नवा प्रयोग, सगळं त्यातून. खातं रिकामं तर प्रयोग बंद. आणि चालू मसाल्याच्या मापाला मी हात लावायचा नाही, हे कारखान्यातल्या बायकांनाच सांगून ठेवलंय. मागच्या दिवाळीआधी गरम मसाल्यात दगडफूल वाढवावं असं मनात आलं, तर आमच्या मावशींनी डबाच उचलून नेला.

मधली_सुट्टी
मी समुपदेशक आहे. इथं कुणाचं निदान करत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना "अरे, हे तर माझंच" वाटेल, म्हणून लिहिते.

एडीएचडी मोठेपणी अचानक उगवत नाही. निदानासाठी १२ वर्षं वयाच्या आधीपासून लक्षणं असावी लागतात, म्हणूनच डॉक्टरांनी आईला विचारलं. कंटाळा नैराश्यातही येतो, पण त्याची जात वेगळी. धागाकर्त्यांना नवं ड्रॉइंग दिसलं की उत्साह येतो. उद्या ड्रॉइंगकडेही बघावंसं वाटेना, झोप-भूक बिघडली, तर ते "नेहमीचंच" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. ज्यांना कुठून सुरुवात करावी कळत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

औषधाबद्दल एवढंच: मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो. कामाचा ढीग पडला म्हणून मनानं गोळी वाढवू नका आणि रक्तदाब तपासत राहा.

टर्नर_फिटर
मीही जॉबवर्कवालाच, पण भोसरीचा. मला एडीएचडी नाही, माझ्या भागीदाराला आहे अशी माझी पक्की खात्री आहे.

तुम्ही प्रॉडक्शन सोडा. खरंच सोडा, सेटरकडे द्या. तुम्ही फक्त डेव्हलपमेंट बघा आणि त्याचे पैसे घ्या. आपल्याकडे फिक्स्चर आणि ट्रायल फुकटात करायची सवय आहे, पार्ट चालू झाला की निघेल म्हणून. वेगळा दर लावा. आजूबाजूच्या शॉपवाल्यांची फिक्स्चर करून द्या. एक जुनी मशीन ट्रायलसाठी ठेवा, तिच्यावर वाटेल ते करा. चालू मशीनच्या प्रोग्रामला पासवर्ड, आणि तो सेटरकडे.

लक्ष ठेवायचं म्हणाल तर रजिस्टर वाचू नका. क्वालिटीवाल्यानं संध्याकाळी बोर्डचा फोटो ग्रुपवर टाकायचा. एमआर ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तरच तुम्ही उठायचं. आणि आकडा वर गेला म्हणजे काहीतरी बिघडलं, त्यात तुम्हाला आपोआप रस येणार!

पेमेंटचं: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर नंबर बिलावर ठळक छापा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं जाता येत नाही, आणि मुदत टळून मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्यांना तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही. मार्चमध्ये त्यांचेच अकाउंटवाले फोन करतात. एरवी फोन करायला दुसरं कुणीतरी ठेवा. आमच्याकडे वहिनी करतात, त्यांना कुणी मीटिंगचं कारण सांगत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कंदीपेढा, सकाळी आधी नावडतं काम ठेवलं की मी सकाळच टाळतो, म्हणून ते जमणार नाही.

पुरणयंत्र ताई, वेगळ्या खात्याचं बायकोला वाचून दाखवलं. तिनं रक्कमही ठरवून टाकली, मला न विचारता. व्हिडिओ कॉलसाठी मेहुण्याला विचारतो, त्याचा मेडिकलचा धंदा आहे, त्याचीही बिलं तुंबलेली असतात.

टर्नर_फिटर, पासवर्डचं पटलं, मनाला लागलं पण पटलं. एकच अडचण. सेटरला प्रॉडक्शन द्यायचं तर इन्सेन्टिव्ह द्यावा लागेल. पीसवर दिला तर घाईत एमआर वाढेल. एमआर कमी ठेवण्यावर दिला तर टूल मार्कलाही ब्लो होल म्हणून सीआरमध्ये घालतील. तुम्ही कशावर देता?

टर्नर_फिटर
डिस्पॅच झालेल्या ओके पीसवर, महिनाअखेर, दोन्ही शिफ्टला मिळून. एकट्या सेटरला दिला की ऑपरेटर त्याचं ऐकत नाहीत. सीआरचा प्रत्येक पीस वेगळ्या ट्रॉलीत, दोषाभोवती पेंट मार्करनं गोल. फौंड्रीच्या माणसाची सही झाल्याशिवाय तो सीआर नाही, तोवर एमआरच धरायचा. सुरुवातीला कुरकूर होईल. आणि सहीसाठी फौंड्रीत तुम्ही स्वतः जाऊ नका. तिथं नवीन पॅटर्न (साचा करायचा नमुना) दिसेल आणि दुपार तिकडेच जाईल.