गार्डनर-सर्पोले : वाफेची गाडी हरली, की मालकाबरोबर गेली?

वाफारा (धागाकर्ता)

१३ एप्रिल १९०२. फ्रान्समधलं नीस, समुद्राकाठचा प्रोमनाद देझाँग्ले. लेऑन सर्पोले नावाच्या माणसानं तिथे ताशी १२०.८ किलोमीटर वेग गाठला आणि रस्त्यावरच्या वाहनाचा जागतिक विक्रम केला. गाडी वाफेवर चालणारी, अंड्याच्या आकाराची, म्हणून तिला लोक 'ईस्टरचं अंडं' म्हणत. त्याआधीचा विक्रम (१०५.८८, एप्रिल १८९९) बेल्जियमच्या झेनाझीचा, तोही विजेच्या गाडीचा. म्हणजे १९०२ चा एप्रिल उलटला तरी पेट्रोलच्या गाडीच्या नावावर वेगाचा एकही मान्य विक्रम नव्हता. आणि तरी पाच वर्षांत गार्डनर-सर्पोले ही कंपनी संपली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्पोले १८५८ चा. १८८१ च्या सुमारास त्याने झटपट वाफ करणारा बॉयलर काढला. नेहमीच्या बॉयलरमध्ये पाण्याचा मोठा साठा तापवत बसावं लागतं. याच्यात साठाच नाही. नळ्यांचं वेटोळं लालबुंद तापवायचं आणि पंपाने लागेल तेवढंच पाणी आत सोडायचं. तापल्या तव्यावर शिंतोडा पडावा तशी त्याची क्षणात वाफ. साठा नाही म्हणून स्फोटाची भीती जवळजवळ नाही. १८८९ मध्ये पेजो या फ्रेंच कंपनीने याच बॉयलरवर तीनचाकी केली, १८९० मध्ये सर्पोले तशाच गाडीतून, वाटेत असंख्य वेळा थांबत आणि दुरुस्त्या करत, पॅरिसहून लियाँला पोचला. पुढे फ्रँक गार्डनर या पैसेवाल्या अमेरिकनाशी भागीदारी झाली आणि १९०० पासून गार्डनर-सर्पोले नावाने गाड्या निघू लागल्या. इंधन रॉकेल. गिअर नाही, क्लच नाही, धडधड नाही. एका तरफेने पाणी आणि रॉकेल या दोन्ही पंपांचा टप्पा एकत्र कमीजास्त करायचा, की वेग कमीजास्त.

फेब्रुवारी १९०७ मध्ये सर्पोले ४८ व्या वर्षी गेला. त्याच वर्षी गाड्याही थांबल्या.

'वाफ मागासलेली होती, पेट्रोल पुढारलेलं होतं, म्हणून असं झालं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं की यंत्र हरलं नाही. सगळी कंपनी एका माणसाच्या डोक्यात होती, ते डोकं गेलं आणि कंपनी गेली.

---

खिळामोळा

असहमत, आणि चांगलाच.

एमिल लव्हास्सोर एप्रिल १८९७ मध्ये गेला. पानार ए लव्हास्सोर कंपनीचं खरं डोकं तोच. इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स, मागची चाकं फिरणार, ही पुढे कित्येक दशकं बहुतेक गाड्यांनी वापरलेली मांडणी त्याचीच. तो गेल्यावर कंपनी बंद पडली का? १९६७ पर्यंत मोटारी काढत होती! माणूस गेला म्हणून धंदा बसतो तो धंदा आधीच खिळखिळा असतो.

आणि पेजोचा उल्लेख तुम्ही स्वतः केलात, पण पुढचं वाक्य गिळलंत. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात सर्पोलेची तीनचाकी मांडणाऱ्या पेजोने १८९० पासून डाइमलरचं पेट्रोल इंजिन धरलं. सर्पोलेचं पहिलं मोठं गिऱ्हाईक वर्षभरात पळालं. तेव्हा सर्पोले जिवंत होता, तरुण होता, उत्साहात होता. मग दोष कोणाचा?

विक्रमाचंही फार कौतुक नको. ५ ऑगस्ट १९०२ ला व्हँडरबिल्टने मोर्सच्या पेट्रोल गाडीतून १२२.४ गाठले. चार महिनेसुद्धा टिकला नाही.

---

वाफारा

@खिळामोळा, लव्हास्सोर गेला तोवर त्याची मांडणी इतरांनी उचललेली होती. पेट्रोल इंजिन बनवणारे, त्याचे सुटे भाग विकणारे, ते दुरुस्त करणारे गल्लोगल्ली तयार झाले होते. सर्पोलेच्या बॉयलरला असं गणगोत युरोपात कुठे होतं? एकट्याने कारखाना चालवायचा, एकट्याने शर्यतीत उतरायचं, एकट्यानेच सुधारणा करायच्या. हे यंत्राचं अपयश नव्हे.

---

खिळामोळा

गणगोत का जमलं नाही, हाच तर प्रश्न आहे ना? दहा कारखाने एका इंजिनामागे धावतात आणि एक कारखाना दुसऱ्यामागे, तेव्हा दहांना काहीतरी दिसलेलं असतं.

---

चिमणीखाली

उशिरा लिहितोय, पण राहवलं नाही. माझी नोकरी साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला गेली, त्यामुळे या धाग्यावर थोडा हक्क सांगतो.

सर्पोलेची कल्पना अस्सल आहे यात वादच नाही. स्फोटाचं जे वाफारा यांनी लिहिलं ते बरोबर. आपल्याकडच्या १९२३ च्या बॉयलर कायद्यात पाच गॅलनांपेक्षा जास्त मावेल असं बंद भांडं म्हणजे बॉयलर अशी व्याख्या होती. सर्पोलेचं वेटोळं त्यात बसलंही नसतं कदाचित! गाडीवर वाफ बसवायची तर पाण्याचा साठाच नको, हे १८८१ मध्ये सुचणं ही मोठी गोष्ट आहे.

पण साठा असतो तो उगाच नसतो. बॉयलरच्या मोठ्या ड्रममधलं (टाकीतलं) पाणी म्हणजे जमेची रक्कम असते. जाळ कमीजास्त झाला, पाणी थोडं उशिरा आलं, तरी ते सांभाळून घेतं. नुसत्या नळीत सांभाळून घेणारं कोणी नाही. पंपाने दोन सेकंद पाणी कमी टाकलं की वाफ भलतीच तापते, जास्त टाकलं की ओली येते. सर्पोलेने दोन्ही पंप एकत्र जोडले ते यासाठीच. युक्ती सुंदर, पण पाणी आणि इंधन ठरावीक प्रमाणात गेलं म्हणजे वाफेचं तापमान ठरावीक राहतं असं नाही. बर्नर काजळला, वारा फिरला, चढ आला, की हिशेब बदलला.

दुसरं, पाणी. रस्त्यात मिळेल ते पाणी भरलं की क्षार आले. ड्रममध्ये क्षार तळाला बसतात, अधूनमधून ब्लो-डाऊन करून, म्हणजे तळाचं पाणी सोडून देऊन, काढता येतात. इथे सगळं पाणी नळीतच वाफ होणार, म्हणजे क्षार नळीतच बसणार. भिंतीला पापुद्रा धरला की तिथला धातू जास्त तापतो आणि शेवटी नळी फुगते. आम्ही फीड वॉटरची, म्हणजे बॉयलरमध्ये सोडायच्या पाण्याची, रोज तपासणी करायचो, आणि आमचा बॉयलर एका जागी उभा असायचा.

तिसरं, तेल, आणि माझ्या मते हेच मुख्य. अशी वाफ अतितप्त, म्हणजे नेहमीच्या वाफेपेक्षा खूप जास्त तापलेली असते. त्या काळचं सिलिंडर तेल त्यात जळायचं. सरकत्या झडपा या तापाला टिकत नाहीत म्हणून सर्पोलेने पेट्रोल इंजिनासारख्या उचलबंद झडपा बसवल्या, तेही हुशारीचं. पण सिलिंडरला तेल लागणारच. ते वाफेबरोबर बाहेर येणार. पाणी वाचवायला कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारा) लावलात की तेच तेलकट पाणी परत नळ्यांत. कंडेन्सर नाही लावला तर दर थोड्या अंतरावर पाणी भरा. दोन्हीकडून कात्रीत.

तेव्हा डोकं गेलं म्हणून कंपनी गेली हे अर्धंच खरं. त्या यंत्राला रोज तसंच डोकं शेजारी बसवून फिरावं लागायचं.

---

उंटावरचा शहाणा

+१ चिमणीखाली. कोणी तरी एकदाचं तांत्रिक लिहिलं. नाहीतर आपल्याकडे प्रत्येक धागा तिसऱ्या प्रतिसादात इलेक्ट्रिक स्कूटरवर जातो.

---

घाटमाथा

अवांतर होईल पण : मग आताच्या विजेच्या गाड्यांचं काय? तेव्हाही वीज होतीच की शर्यतीत.

---

उंटावरचा शहाणा

झालं! तीन प्रतिसादांनी अंदाज चुकला फक्त.

---

शिट्टी

मी वाफारा यांच्या बाजूने. चिमणीखाली यांनी मांडलेल्या अडचणी खऱ्या, पण त्या सुटण्याजोग्या होत्या याचा पुरावा अमेरिकेत आहे. क्लीव्हलंडच्या व्हाइट कंपनीने नळीच्याच बॉयलरवर १९१० च्या सुमारापर्यंत वाफेच्या गाड्या विकल्या. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या ताफ्यात व्हाइटची वाफगाडी होती. स्टॅन्लीने १९०६ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर ताशी २०५ किलोमीटर गाठले. वाफेच्या गाडीचा तो विक्रम अधिकृतपणे मोडायला २००९ उजाडावं लागलं. स्टॅन्लीच्या गाड्या १९२४ पर्यंत निघत होत्या. यंत्रच नालायक असतं तर सर्पोलेनंतर सतरा वर्षं अमेरिकन लोक पैसे मोजून ते घेत होते का?

युरोपातही बघा. लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन स्टीम ऑम्निबस कंपनी दाराक-सर्पोलेच्या वाफेच्या बसगाड्या १९०७ ते १९१२ चालवत होती. क्लार्कसनच्या वाफेच्या बस तर लंडनमध्ये १९१९ पर्यंत धावल्या.

---

खिळामोळा

बसचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. बस ठरल्या रस्त्याने जाते, रात्री डेपोत येते, तिथे पाणी, माणूस, हत्यारं तयार. चिमणीखाली म्हणतात ते शेजारी बसलेलं डोकं कंपनी पगारावर ठेवते. खाजगी मालकाला हे जमत नाही. शिवाय दाराकने त्या बसच्या उद्योगात बरेच पैसे घातले आणि तो चालला नाही. दाराक म्हणजे कोणी नवखा नव्हे, पेट्रोलच्या गाड्या धडाधड विकणारा माणूस. गणगोत नव्हतं म्हणता ना? हे घ्या गणगोत. भांडवल, कारखाना, विक्रीची यंत्रणा, सगळं आलं. तरीही नाही.

स्टॅन्लीचं म्हणाल तर त्यांच्याकडे सर्पोलेचा बॉयलर नव्हता. नळकांड्याचा जुना प्रकार होता, पाण्याचा साठा असलेला. म्हणजे वाफेवाल्यांत जे सर्वांत जास्त टिकले ते साठा ठेवून टिकले!

आणि ही चर्चा १८९४ मध्येच एकदा होऊन गेलीय. पॅरिस-रुआँ स्पर्धा, १२६ किलोमीटर. सर्वांत आधी पोचली ती दे दियाँ या फ्रेंच गाडीवाल्यांची वाफेची गाडी. पहिलं बक्षीस मिळालं नाही, कारण ती चालवायला शेजारी जाळ घालणारा माणूस लागत होता आणि परीक्षकांना सामान्य माणसाला सोयीची गाडी हवी होती. बक्षीस पानार आणि पेजो यांच्यात वाटलं गेलं. दे दियाँनी ते ओळखलं आणि पेट्रोलकडे वळले. सर्पोलेने ओळखलं नाही.

---

शिट्टी

सर्पोलेच्या गाडीला जाळ घालणारा लागतच नव्हता हो, रॉकेलचा बर्नर होता. १८९४ चा निकाल १९०२ च्या गाडीला कसा लावता?

---

थेम्सकाठची

मी लंडनला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हाईड पार्कहून ब्रायटनला १९०५ पूर्वीच्या गाड्या जातात. त्यात गार्डनर-सर्पोलेही असतात, म्हणून एक निरीक्षण. पेट्रोलच्या म्हाताऱ्या गाड्या उभ्या असतात तेव्हा सगळं अंग थरथरत असतं, दिवे, चाकं, चालवणाऱ्याची टोपीसुद्धा. वाफेची गाडी नुसती उभी असते आणि मग निघते. १९०२ मध्ये या दोन्ही शेजारी बघून कोणी पेट्रोलची का घेतली असेल हे मला अजून कळलेलं नाही.

पण मालकांना निघण्याआधी बघाल तर स्पिरिट ओतून बर्नर तापवणं, पंप हलवणं, काटे बघणं, पुन्हा पंप. हौस असेल तर मजा, ऑफिसला जायचं असेल तर नाही.

---

चिमणीखाली

@थेम्सकाठची, फोटो असतील तर टाका. विशेषतः बर्नरचे.

@शिट्टी, तुमचा अमेरिकेचा मुद्दा वजनदार आहे, पण सर्पोले आणखी दहा वर्षं जगला असता तरी तेलाचा प्रश्न त्याच्या हातात नव्हता. तो सुटायला रसायनवाले हवे होते. १९२० च्या दशकात डोबलने कॅलिफोर्नियात मिनिटाभरात निघणारी वाफगाडी केली, कंडेन्सरसकट. उत्तम गाडी. किंमत अशी की फक्त श्रीमंतांनी घ्यावी, आणि घेतलीही मोजक्यांनीच.

---

वाफारा

सगळ्यांचं वाचलं. तेलाचा आणि क्षारांचा मुद्दा मान्य, तो मी मूळ लेखात नाकारलेलाही नव्हता. पण तुलना कोणाशी करताय ते बघा. १९०७ ची पेट्रोल गाडी म्हणजे आजची नव्हे. हँडल मारताना मनगट मोडायचं, गिअर बदलताना त्याचे दात झडायचे, निम्म्या वेळा ती चालूच व्हायची नाही. तिचा सर्वांत मोठा दोष, ते हँडल, १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवल्यावर गेला. सर्पोले त्याच्या पाच वर्षं आधी गेला. म्हणजे शर्यत अर्ध्यावर असताना एक घोडा मैदानातून गेला आणि आपण म्हणतोय तो हरला. पॅरिसला प्लास सँ-फेर्दिनाँवर १९११ मध्ये त्याचा पुतळा उभारला, ज्याँ बुशे या शिल्पकाराने केलेला. हरलेल्या यंत्राच्या माणसाचा चौकात पुतळा करायला तेव्हाचे लोक काही खुळे नव्हते.

---

खिळामोळा

तिथून जवळच, पोर्त मायोला, लव्हास्सोरचंही स्मारक आहे, १९०७ चं. पुतळ्यांवर निकाल लावायचा तर बरोबरी.

हँडलचं मात्र पटलं नाही. १९०७ मध्ये ज्याला मोटार परवडत होती तो स्वतः हँडल मारत नव्हता, त्याचा ड्रायव्हर मारायचा. मनगट ड्रायव्हरचं मोडायचं. गाडी कोणती घ्यायची ते मालक ठरवायचा.